पाइप कापताना चकती का अडकते?

यवतमाळ जिल्ह्यात पाइप कापण्याचे काम वर्षभर कुठे ना कुठे चालूच असते. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप, शेतातली ओलिताची लाइन, ग्रामपंचायतीच्या टाकीपासून निघालेली नळयोजना, शहरातल्या रस्त्याखालची मोठी वाहिनी. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली, यवतमाळ शहराचे पाण्यावाचून हाल झाले आणि बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरात आणणाऱ्या वाहिनीचा विषय घरोघरी पोचला. पुढे मार्च २०२३ मध्ये शहरातल्या एका रस्त्याखालची पाण्याची वाहिनी फुटली. डांबरी रस्ता फुगून वर आला, फाटला आणि पाण्याचा लोट उसळला. स्कूटरवरून जाणारी एक महिला त्यात जखमी झाली. कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य देशभर पाहिले गेले.

वाहिनी फुटल्यावर नंतर काय होते, हे मात्र कुणी पाहत नाही. कुणीतरी खड्ड्यात उतरतो. चिखलात गुडघे टेकून फुटलेला तुकडा कापून काढतो आणि तिथे नवा तुकडा बसवतो. त्याच्या हातात बहुधा विजेवर चालणारा ग्राइंडर किंवा पेट्रोलवर चालणारा मोठा कटर असतो. हे काम करणारा मुलगा दोन-चार वर्षांपूर्वी आपल्याच वर्गात बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे. बल, ताण, उष्णता, न्यूटनचे नियम हे सगळे त्याला आपण शिकवलेले असते. ते त्या खड्ड्यात त्याच्या उपयोगी पडते का, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. म्हणून या लेखात त्या फिरत्या चकतीकडे आणि त्याहूनही अधिक त्या पाइपाकडे पाहू या. कारण बऱ्याच अपघातांचे मूळ यंत्रात नसते, ते पाइप कसा टेकला आहे यात असते.

चकती म्हणजे करवत नव्हे

हॅक्सॉच्या पात्याला दाते असतात आणि ते मोजता येतात. ग्राइंडरच्या चकतीला दिसेल असा दाता नसतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या अतिशय कठीण पदार्थाचे हजारो कण रेझिनने एकमेकांना चिकटवलेले असतात आणि मध्ये काचतंतूंची जाळी घातलेली असते. चकतीच्या कडेला आलेला प्रत्येक कण हा एक चिमुकला पटाशीसारखा दाता. तो धातूचा बारीक कीस काढतो, बोथट होतो, मग तुटून गळून पडतो आणि मागचा धारदार कण पुढे येतो. चकती झिजत जाते ती यामुळेच. चकतीला धार लावावी लागत नाही, याचेही कारण हेच.

एकेका कणाने काढलेला कीस इतका बारीक, की काम व्हायचे तर वेग प्रचंड हवा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या चार इंची ग्राइंडरची चकती १०० मिलिमीटर व्यासाची असते आणि मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग विद्यार्थ्यांना काढायला सांगावा. परीघ ०.३१४ मीटर, सेकंदाला फेरे १८३. गुणाकार सुमारे ५८ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी २०७ किलोमीटर. अत्यंत वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी १५० किलोमीटरच्या आसपास जातो.

चकतीवर छापलेले आकडे वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. १०० मिलिमीटरच्या चकतीवर बहुधा १५,३०० फेरे आणि ८० मीटर प्रतिसेकंद असे लिहिलेले असते. यांतला दुसरा आकडा खरा महत्त्वाचा. कडेचा वेग याच्या वर गेला, तर चकती शाबूत राहील याची हमी बनवणारा देत नाही. फेऱ्यांची मर्यादा या वेगावरूनच निघते. त्यामुळे चकती मोठी तसे तिच्यावरचे फेरे कमी: १८० मिलिमीटरला ८,५००, २३० मिलिमीटरला ६,६५०, ३५० मिलिमीटरला ४,४००च्या आसपास.

आता एक नेहमीचा प्रकार पाहा. जाड पाइपाला छोटी चकती पुरत नाही, म्हणून चार इंची ग्राइंडरचे संरक्षक आवरण, म्हणजे गार्ड, काढून टाकतात आणि त्यावर सात इंची चकती चढवतात. फेरे तेच ११,०००, पण व्यास १८० मिलिमीटर. कडेचा वेग १०४ मीटर प्रतिसेकंद होतो. फिरणाऱ्या चकतीत निर्माण होणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०४ भागिले ८० म्हणजे १.३ आणि त्याचा वर्ग जवळजवळ १.७. ज्या मर्यादेपर्यंतच हमी होती तिच्या पावणेदोनपट ताण, आणि मध्ये गार्डही नाही! असाच पण कमी उठून दिसणारा धोका मोठ्या यंत्रांचा आहे. टेबलावर बसवलेल्या विजेच्या कटरची ३५० मिलिमीटरची चकती पेट्रोलच्या हातकटरला बसते. हे हातकटर मिनिटाला ४,७०० किंवा त्याहून अधिक फेरे घेतात आणि कडेचा वेग ८६ मीटर प्रतिसेकंदाच्या वर जातो. त्यासाठी १०० मीटर प्रतिसेकंद अशी खूण असलेली चकतीच लागते. भोकात बसली म्हणून चकती योग्य ठरत नाही.

चकतीला मुदत असते, हे कळल्यावर पुष्कळांना आश्चर्य वाटते. मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेले असते. रेझिन हवेतला ओलावा शोषून हळूहळू दुबळे होते. पावसाळाभर गोठ्यात खुंटीला टांगलेली चकती दिसायला नवी असली, तरी नवी नसते.

आणि चकती फुटली तर? ३५० मिलिमीटर व्यासाच्या, तीन मिलिमीटर जाडीच्या चकतीचे वजन साधारण साडेसहाशे ग्रॅम. भरीव चकतीची फिरण्याची ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग, भागिले चार. ८० मीटर प्रतिसेकंदाला हे एक हजार ज्यूलच्या आसपास येते. अडीच किलोची वीट चाळीस मीटरवरून, म्हणजे तेरा-चौदा मजल्यांवरून खाली टाकली, तर ती जमिनीवर आदळताना तिच्यात इतकी ऊर्जा असते. कडेचा तुकडा सुटतो तो स्पर्शरेषेच्या दिशेने, ताशी २८८ किलोमीटर वेगाने. गोफणीतला दगड जसा सुटतो, तसाच. म्हणून चकतीच्या पातळीत, म्हणजे तिच्या अगदी समोर किंवा मागे, कुणीही उभे राहायचे नाही. कापणाऱ्याने स्वतःचे डोके आणि मानही त्या पातळीच्या बाजूला ठेवायची. गार्ड असतो तो याचसाठी. तो काढून काम लवकर उरकते असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्याशी वाद न घालता वरचे गणित फळ्यावर मांडावे.

एवढी मजबूत चकती फुटते तरी कशी? ती तिच्या पातळीत मजबूत असते, आडव्या बलापुढे दुबळी. पापडाची कड टेबलावर उभी दाबली तर तो बराच जोर सोसतो, पण आडवा वाकवला की लगेच मोडतो. चालू कापात यंत्र जरासे तिरपे केले, वळण घ्यायचा प्रयत्न केला, की चकतीवर आडवे बल येते. आणि ती अडकते तेव्हा तर येतेच.

चीर मिटते तेव्हा

आता मुख्य मुद्दा. एक खोडरबर घ्या आणि त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या समांतर रेषा काढा. दोन बोटांनी तो असा वाकवा, की मधला भाग खाली झुकेल. वरच्या बाजूला रेषा जवळ येतात आणि खालच्या बाजूला फाकतात. वरच्या भागावर दाब आहे, खालच्यावर ताण. उलट वाकवला तर उलट. नववी-दहावीच्या मुलांना हे पाच मिनिटांत समजते.

पपईच्या पानाचा देठ हा निसर्गाने दिलेला उत्तम पाइप आहे. आतून पोकळ, लांब, फुकट. दोन विटांवर त्याची दोन टोके टेकवा. मध्ये दोन्ही बाजूंना एकेक छोटे वजन दोऱ्याने लटकवा, म्हणजे देठ थोडा झुकेल. आता त्या दोन वजनांच्या मधोमध वरून पातळ सुरीने सावकाश कापायला लागा. सुरी थोडी आत गेली की चीर मिटू लागते आणि सुरी चिमटली जाते. मग दुसरा देठ घेऊन त्याचे एक टोक टेबलावर घट्ट धरा आणि दुसरे टोक बाहेर अधांतरी ठेवून त्याला वजन टांगा. टेबलाच्या कडेजवळ वरून कापा. आता चीर उघडत जाते. सुरी सहज उतरते, मात्र शेवटी अधांतरी तुकडा एकदम खाली पडतो आणि जाताना साल सोलून नेतो. सुरी तीच, देठ तोच, आधार तेवढा बदलला.

लोखंडी पाइपाचे नेमके हेच होते. दोन दगडांवर टोके टेकवून पाइप मध्ये कापायला घेतला, की स्वतःच्याच वजनाने तो झुकतो आणि वरची चीर मिटते. सुरी असती तर नुसती अडकली असती. इथे सेकंदाला ऐंशी मीटर धावणारी कड आहे. चकतीच्या दोन्ही गालांना पाइप चिमटा घेतो. चकती पाइपाला आपल्या दिशेने ओढते, पण पाइप जड, तो हलत नाही. मग न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाइप चकतीला आणि चकतीसकट यंत्राला उलट दिशेने फेकतो. यालाच कारागीर ‘झटका’ किंवा ‘मशीन उडणे’ म्हणतात. माणसाला प्रतिसाद द्यायला निदान दोन दशांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात चकतीचे पंधरा ते छत्तीस फेरे होऊन गेलेले असतात. त्यामुळे ‘मी घट्ट धरतो, माझ्या हातात ताकद आहे’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

झटका कुठे बसेल याचा एक सोपा अंदाज ठिणग्यांवरून येतो. ठिणग्या उडतात त्या चकतीची कड धातूवरून ज्या दिशेने जाते त्या दिशेने. यंत्रावर येणारे बल त्याच्या बरोबर उलट. म्हणजे ठिणग्या पुढे, तर यंत्र आपल्याकडे. ठिणग्या आपल्याकडे, तर यंत्र पुढे ओढले जाते. पेट्रोलच्या मोठ्या हातकटरमध्ये चकतीचा तळ कापणाऱ्याकडे येतो, म्हणून वरून कापताना यंत्र पुढे ओढ घेते. पण त्याच चकतीचा वरचा-पुढचा चतुर्थांश पाइपाला लागला किंवा चिरेत चिमटला गेला, तर यंत्र उसळून वर आणि मागे, तोंडाच्या दिशेने येते. चकतीच्या या भागाने कधीही कापायचे नाही. हा एकच नियम चित्र काढून समजावला, तरी पुष्कळ काम होईल.

मग कापायचे कसे? आधी यंत्र बाजूला ठेवून पाइपाकडे पाहायचे. कापल्यावर कोणता तुकडा कुठे जाईल? जो तुकडा सुटणार आहे त्याला मोकळे सुटू द्यायचे, फक्त तो धडकन पडणार नाही एवढा आधार द्यायचा. शक्य असेल तर कापाच्या दोन्ही बाजूंना, कापाजवळ, लाकडाचे ठोकळे द्यायचे म्हणजे झुकणेच होणार नाही. तरीही बाक राहणार असेल, तर ज्या बाजूवर दाब आहे तिथे आधी थोडी चीर पाडायची आणि मग ताणाच्या बाजूने येऊन काप पूर्ण करायचा. पहिली चीर उथळ असल्याने चिमटा बसत नाही, आणि दुसऱ्या बाजूची चीर उघडतच जाते. लाकूडतोडे जाड फांदी कापताना अगदी हेच करतात, त्यांना कुणी बलांची आकृती काढून दाखवलेली नसते. मोठ्या पाइपात चकती एकदम खोल घुसवण्याऐवजी भोवती खडूने रेघ मारून सगळीकडून थोडे थोडे कापत आणले, तर चकतीचा थोडाच भाग एका वेळी धातूत असतो. चीर मिटतेय असे वाटले तर यंत्र बंद करून तिच्यात पाचर मारायची. थांबलेली चकती चिरेत ठेवून यंत्र सुरू करायचे नाही. ती बाहेर पूर्ण वेगाला आली, की मगच अलगद आत उतरवायची.

काळ्या मातीतला पाइप

जमिनीवर पडलेल्या पाइपात निदान बाक डोळ्यांना दिसतो. जमिनीखालच्या पाइपात तो लपलेला असतो. वणीकडचा कोळशाचा आणि चुनखडीचा पट्टा सोडला, तर आपला बराचसा जिल्हा बेसॉल्ट खडकावर आणि त्यापासून झालेल्या काळ्या कापसाच्या मातीवर वसला आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट गटातली खनिजे भरपूर असतात. त्यांच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरते तेव्हा माती फुगते, वाळते तेव्हा आक्रसते. मे महिन्यात शेतात पडणाऱ्या भेगांत हात जातो, हे गावातल्या मुलांना सांगायला नको. घरांच्या भिंतींना तडे जातात ते याच कारणाने.

ही माती एकसारखी फुगत नाही. नळाच्या गळतीजवळ ओली, पाच मीटरवर कोरडी. झाडाजवळ वेगळी, रस्त्याखाली वेगळी. त्यामुळे वर्षानुवर्षांत पाइप कुठे उचलला जातो, कुठे खाली दबतो. तो बाहेरून सरळ दिसला, तरी वाकवून ठेवलेल्या धनुष्यासारखा असतो. दुरुस्तीसाठी खड्डा केला, की त्या जागचा मातीचा आधार गेला, आणि कापायला लागताच धनुष्य सुटते. कोणत्या बाजूला सुटेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून खड्ड्यातल्या पाइपाचा पहिला काप नेहमीच संशयाने घ्यावा: उथळ, भोवताली, चीर उघडतेय की मिटतेय हे पाहत. पाइपाच्या खालूनही माती काढून चकती भोवती फिरवायला जागा करावी लागते. हे खोदकाम कंटाळवाणे असते आणि नेमके तेच टाळले जाते. मग माणूस अंग वाकडे करून, एका हाताने, चकतीच्या वरच्या कडेने पाइपाचा तळ कापू पाहतो. वर सांगितलेला निषिद्ध चतुर्थांश इथे गाठला जातो. कंबरेपेक्षा खोल खड्ड्यात काळ्या मातीच्या उभ्या कडा, विशेषतः गळतीच्या पाण्याने भिजलेल्या, कोसळू शकतात हे वेगळेच.

धनुष्य ताणले जाण्याचे दुसरे कारण ऊन. पोलाद एक मीटर लांबीला एका अंशाने सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. सहा मीटरचा पाइप सकाळपेक्षा दुपारी तीस अंशांनी अधिक तापला, तर वाढ २.१६ मिलिमीटर, जवळजवळ मोठ्या चकतीच्या जाडीइतकी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि उन्हातला उघडा पाइप त्याहून बराच तापतो. पन्नास मीटरची लाइन दोन्ही टोकांना जखडलेली असेल, तर वाढायला मागणारे अठरा मिलिमीटर तिच्यात दडपलेले राहतात. दुपारी तिला काप दिला की चीर मिटलीच म्हणून समजा. हेच काम पहाटे केले तर सोपे जाते. थंडीच्या सकाळी उलटा प्रकार: लाइन आखडलेली, ताणलेली, शेवटचा धागा कापला जाताच टोके फट्‌कन दूर जातात.

पाण्याचा दाब हा तिसरा लपलेला ताण. दहा मीटर उंचीच्या टाकीमुळे तळाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब असतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपाचे तोंड ७०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे टोकावर सातशे किलोंचा रेटा. व्हॉल्व्ह बंद केला म्हणून दाब गेला असे होत नाही. लाइन खाली करून, हवा सोडून, छोटे भोक किंवा नळ उघडून खात्री करावी लागते. अडकलेली दाबलेली हवा तर पाण्यापेक्षा वाईट. पाणी दाबले तरी फारसे आक्रसत नाही, त्यामुळे तडा गेल्याबरोबर त्याचा दाब उतरतो. हवा स्प्रिंगसारखी उसळते. शिवाय खाली केलेल्या लाइनच्या सखल भागात पाणी उरतेच. ते खड्ड्यात येते, आणि हातात विजेचा ग्राइंडर असतो. अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारे स्विच यांच्याशिवाय तिथे वीज नेऊच नये. पेट्रोलचा कटर न्यावा तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खोल खड्ड्यात साठतो. दोन्हीपैकी कोणते संकट परवडते हे ठरवण्यापेक्षा खड्डा मोठा करणे आणि उपसणे बरे.

ठिणगी आणि कापूस

ठिणगी म्हणजे जळणारे लोखंड. लोखंडी खिळा मेणबत्तीत धरला तर नुसता तापतो, पण लोखंडाचा बारीक कीस ज्योतीवर भुरभुरला तर चमचम जळतो. कणाचे आकारमान कमी तसा त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि हवेतला ऑक्सिजन सगळीकडून भिडतो. चकतीने काढलेला ताजा, तापलेला कीस हवेत जळत जातो. पोलादातल्या कार्बनचा वायू होऊन कण फुटतो, म्हणून ठिणगीला फाटे फुटतात. बिडाच्या पाइपाच्या ठिणग्या त्या मानाने आखूड आणि लालसर. जाणता कारागीर ठिणगी पाहून धातू सांगतो.

दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडतात आणि भाजत नाही. तापमान हजार अंशांच्या वर, पण कण इतका लहान की त्यात उष्णता नगण्य. तापमान आणि उष्णता यांतला फरक समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही, आणि शिक्षक ते देतातच. पण त्यामुळे ‘ठिणगी निरुपद्रवी’ अशी समजूत होऊ नये. कापसाचा एकेक तंतू केसाहून बारीक. त्याला पेटायला ती नगण्य उष्णता पुरते. आपल्याकडे वेचणीनंतर घराच्या ओसरीत, खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो, जिनिंगच्या आवारात त्याच्या टेकड्या असतात. ठिणग्या दहा-अकरा मीटर लांब जाऊ शकतात आणि कापसात पडलेली ठिणगी लगेच ज्वाळा दाखवत नाही. ढिगाच्या आत ती धुमसत राहते, तासन्‌तास. काम आटोपून माणसे जेवायला जातात आणि रात्री आग लागते. कापूस, कुटार, पऱ्हाटीचे ढीग यांच्याजवळ कटर चालवायचाच नाही. टाळता येत नसेल तर जागा ओली करून, पाण्याची बादली जवळ ठेवून, आणि काम संपल्यावर निदान एक तास कुणीतरी तिथे थांबून.

न दिसणारी धूळ

गावांतल्या जुन्या नळयोजनांत करड्या रंगाचे, सिमेंटसारखे दिसणारे पाइप सापडतात. त्यांतले बरेच ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतात. हे पाइप ग्राइंडरने झटकन कापले जातात, झटका फारसा बसत नाही, ठिणग्या नाहीत, म्हणून माणूस निर्धास्त असतो. आमच्या मते या लेखातला सर्वांत मोठा धोका हाच. चकती त्या पाइपातले ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत उधळते. एक मायक्रॉनचा धूलिकण स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला चार-पाच तास घेतो. तोंडाला बांधलेला ओला रुमाल अशा कणांना अडवत नाही. फुप्फुसात रुतलेले तंतू बाहेर पडत नाहीत. त्यांच्यामुळे ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे रोग होतात, आणि तेही बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून निदान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोपर्यंत, जपून ठेवायला सांगितले. एवढा लांब काळ का, हे वरच्या आकड्यांवरून कळते. पण पंचायतीचा पाइप दुरुस्त करणाऱ्या मुलाची नोंद कोण ठेवणार?

असा पाइप वेगवान चकतीने कोरडा कापू नये. शक्य तर कापूच नये; जोडापासून जोडापर्यंत अख्खा तुकडा काढून दुसऱ्या प्रकारचा पाइप बसवावा. कापावाच लागला तर पाणी सोडत, हातकरवतीने, सावकाश. निघालेला गाळ ओला असतानाच गोळा करून पिशवीत बांधावा, झाडू मारू नये. काँक्रीटच्या पाइपाच्या धुळीतही वाळूची सिलिका असते. रस्त्याच्या मोरीसाठी वापरतो त्या पाइपाला आपण ‘ह्यूम पाइप’ म्हणतो, ते वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन माणसाचे नाव. आणि १९२६ मध्ये वालचंद हिराचंद यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली तेव्हापासून ते आपल्याकडे रुळले. तोही कापायचा तर चकतीवर सतत पाणी हवे, म्हणजे विजेचा ग्राइंडर बाद. पाण्याची जोडणी असलेला पेट्रोलचा कटर वापरावा.

प्लॅस्टिकच्या पाइपाचे काय? पीव्हीसी किंवा काळा एचडीपीई पाइप चकतीच्या उष्णतेने वितळतो, चकतीला चिकटतो आणि तिला धरून ठेवतो. शेतातल्या ओलिताच्या बहुतेक लाइनी आता याच प्रकारच्या असतात. साध्या हॅक्सॉने दोन-तीन इंची पीव्हीसी पाइप एक-दोन मिनिटांत सरळ कापला जातो. तरीही ग्राइंडर उचलला जातो, कारण तो हाताशी असतो आणि त्याचा आवाज ऐकून काम चालल्यासारखे वाटते.

वर्गात हे शिकवताना यंत्र आणण्याची गरज नाही. खोडरबर, पपईचे देठ, लोखंडाचा कीस आणि चकतीवरचे आकडे एवढे पुरते. कारागिराने फेकलेली जुनी, झिजलेली चकती मिळाली तर मुलांना तिच्यावरचा व्यास, फेरे, कडेचा वेग आणि मुदत शोधायला सांगावी. झिजून १०० ची ७० मिलिमीटर झालेली चकती त्याच यंत्रावर हळू कापते असे कारागीर सांगतात. ते खरे का असावे, हा प्रश्न मुलांवर सोडता येईल.